काकांच्या टेबलावर कधीच बंद न पडलेला लॅपटॉप

एखाद्या माणसावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी गेलो तो संगणकशास्त्र शिकायला. त्यामुळे वाक्य कुठे थांबवावं हे मला अजून नीट कळत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण शहरातल्या गारखेडा भागातल्या लॅपटॉपवाल्या काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. यंत्र दुरुस्त करायला त्यांच्याइतका वेळ लावणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि इतका उशीर करूनही ज्याच्यावर कुणी रागावलं नाही असाही दुसरा नसेल.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीला लावलेलं शटर. पाटी नव्हती. "दवाखान्यानं आजाऱ्याला हाका मारू नाय," असं ते म्हणत. स्वतःजवळ मोबाइलही ठेवत नसत. दिवसभर मशीनींचंच ऐकतो, खिशात आणिक एक कशाला, असा त्यांचा सवाल असे. लॅपटॉप घेऊन आलेल्याला ते आधी बसवत आणि हकीकत विचारत: मशीन कुठं झोपतं, उन्हात गाडीवर फिरतं का, घरात लहान पोरं किती. एकदा बँकेतले एक साहेब चिडून म्हणाले, "अहो, स्क्रीन फुटलीय, दिसत नाही का?" काका शांतपणे म्हणाले, "फुटली ते दिसतंय साहेब. का फुटली ते सांगा, नायतर नवी बी फुटंल." साहेब खालच्या आवाजात म्हणाले, की घरात जरा बोलाचाली झाली होती. काकांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. स्क्रीनचा विषय त्यानंतर निघाला. काका उघडलेलं मशीन पाडाच्या आंब्यासारखं हुंगून बघत, आणि स्क्रू ठेवत ते काकूंच्या मसाल्याच्या डब्यात, एका वाटीत एका मापाचे. घरात तसलाच दुसरा डबा होता. एके सकाळी ते चुकून मोहरी-जिऱ्याचा डबा दुकानात घेऊन आले, आणि तिकडे काकूंनी फोडणीला हात घातला तर वाटीत स्क्रू. त्या दिवशी दोघंही उपाशी राहिले, असं काका मोठ्या समाधानाने सांगत.

माझा लॅपटॉप मामाने वापरून दिलेला. शेवटच्या वर्षी तो चालता चालता एकदम बंद पडायला लागला. इशारा नाही, आवाज नाही, डोळ्यांसमोर नुसता अंधार. चार दुकानांत दाखवला. मदरबोर्ड गेला, नवा घे, एवढंच सगळे म्हणाले. प्रकल्प परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा होता. तो झाला नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर परत शहरात ठेवणार नाही, हे वडिलांनी गंगापूरला मला एसटीत बसवतानाच सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी विहीर आटली होती, त्यांचंही चुकत नव्हतं.

काकांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तो बंद पडायची वाट बघत बसले. तो पडेना. दिवसभर चालला. मी खोलीवर नेला की तासाभरात बंद, दुकानात आणला की पुन्हा गरीब गाईसारखा. काकांनी पंखा साफ केला, बॅटरी काढून पाहिली, चार्जर बदलला, मीटरच्या सुया टेकवून बोर्डावरच्या जागा तपासल्या. सगळं ठीक. शेवटी म्हणाले, "तुझ्या मशीनला माझी लाज वाटती. तूच इथं बसून काम कर. घरच्या माणसापुढं खुलंल." म्हणून माझा निम्मा प्रकल्प त्या फटीत लिहून झाला. काका शेजारी बसून मधूनच विचारत, "पडलं का?" मी नाही म्हणालो की त्यांचा चेहरा उतरायचा. इतक्या आशेने माझ्या कामाकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

एका दुपारी त्यांनी बोर्ड पुन्हा एकदा हुंगला आणि म्हणाले, "जळकट नाय, दमट नाय. रोग अंगात नाय, घरात हाय. चल." ते शटर ओढून माझ्या खोलीवर आले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून खोलीत निळे पिंप भरून ठेवलेले असत. टेबलाला जागाच नव्हती. मी खाटेवर बसायचो आणि पिंपाच्या झाकणावर लॅपटॉप ठेवायचो. "रोज बसतो तसाच बस," काका म्हणाले. मी टाइप करू लागलो. थोड्या वेळाने लॅपटॉप बंद पडला, आणि काकांनी बारसं असल्यासारखं माझ्या पाठीवर थोपटलं. मग झाकणाच्या मधल्या फुगवट्यावर हात फिरवत म्हणाले, "हे बग. पोटाखाली उंचवटा हाय. बोर्ड मधनं वाकतोय, अन् आतला एखादा जोड सुटतोय. सपाट ठिवला की परत जुळतोय. माझ्या टेबलावर कसा पडंल बाबा तो?"

दुकानात भिंगाखाली तो जोड सापडला, केसाएवढी चीर गेलेला. त्यांनी तो पुन्हा सांधला आणि पिंपावर लॅपटॉपखाली ठेवायला घरी नेऊन पोळपाट दिला. तो घेताना मी त्यांच्या दारात उभा होतो. आतून काकू म्हणाल्या, "आता तवा तेवढा राहिलाय. तो बी न्या." एवढं होऊनही मशीन बरं झालं असं काका म्हणेनात. "निकाल लागला की सांगाया ये. मंग बगू."

मी पास झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा रस्ता रुंद झाला होता, दोन्ही इमारती पुढून कापल्या होत्या, आणि फट होती तिथे खड्डा होता. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "गेले ना काका. गावाकडं, कुठं ते माहीत नाय." मोबाइल नसलेल्या माणसाला शोधायचं कसं? आता नोकरीला पुण्यात असतो, सुट्टीला आलो की मी त्या रस्त्याने जातो. आता तिथे काचेचं मोठं दुकान आहे. शहर सारखं नवं होत असतं आणि मला ओळखीचं कुणी दिसत नाही.

मागच्या महिन्यात सोयगावला शिक्षक असलेल्या वर्गमित्राचा फोन आला. काका तिथे बहिणीकडे राहतात. हात थरथरतो, म्हणून मशीन उघडत नाहीत. आलेल्याची नुसती हकीकत ऐकतात आणि जळगावला पाठवून देतात. मित्राने त्यांना माझं नाव सांगितलं, मी पास झालो, नोकरीला लागलो, हेही सांगितलं.

"मग? काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ते मला तवाच कळलं. नापास झाला असता तर मशीनला नावं ठिवाया पयला माझ्याकडंच आला असता. आला नाय, म्हंजे झालं त्याचं काम."

मित्र हसला, मीही हसलो. मी पेढे घेऊन आलो होतो, हे मात्र मित्राला ठाऊक नव्हतं, त्यामुळे काकांना सांगायचं राहून गेलं.