हाताला चव नसलेली शेजारीण

आमच्या गावात मालसुनच्या हाताला चव होती, आणि ते सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं. तिच्या अंगणात तेंजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, मुरत ठेवलेले अकरा रांजण होते. लग्न असो की पितरांचं पान, त्या तेंजांगचा रस्सा मालसुनचाच. हात धुताना आपल्याच बोटांकडे बघत राहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कुंपणापलीकडे गुर्येवाली राहायची. माहेरच्या गावावरून पडलेलं नाव. आमच्याकडे बायकांना तसंच हाक मारतात. ती मीठ विसरायची, भात करपवायची. "तिच्याकडे जेवायला बोलावलं ना, तर घरून जेवून जावं," असं मालसुन म्हणायची. आम्ही हसायचो. गुर्येवालीही हसायची.

मग राजधानीत, सोलला गेलेली मालसुनची मुलगी, यूरिम, परत आली. तिकडे बारीक होण्याच्या नादात तिने तीन वर्षं उकडलेली कोंबडी आणि कोबीची पानं एवढंच खाल्लं होतं. सदऱ्याखालून खांद्याची हाडं मोजता येत होती. आल्या दिवशीच आईने समोर बसून तीन वाट्या रस्सा पाजला. "खा गं, तुझ्या आईचा हात आहे हा!" पोर संध्याकाळपर्यंत ओकत राहिली. त्यानंतर रांजणाचं झाकण नुसतं उचललं तरी ती तोंड दाबून परसात पळायची.

आणि एका सकाळी मालसुनने कुंपणावरून पाहिलं. गुर्येवालीच्या ओसरीवर यूरिम वाटी तोंडाला लावून बसली होती. पीत होती. सावकाश, पण पीत होती.

मालसुन हातातली पळी तशीच घेऊन कुंपणाशी गेली.

"काय घातलंस त्यात?"

"काय घालणार? भात करपला. खरवडीत गरम पाणी ओतलं, झालं."

"माझ्या पोरीला करपलेलं खायला घालतेस?"

"मी कुठे घालते, ताई? ती मागते."

चार दिवस मालसुन तिच्याशी बोलली नाही. घरी मात्र तिने मुद्दाम भात करपवला, खरवडीत पाणी ओतलं. पण हात कसा राहणार? एक थेंब तिळाचं तेल पडलं, सुक्या मासळीची चिमूटभर भुकटी पडली. यूरिमने वास घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"तिचं गिळतेस, माझं नको! काय केलंय तिने तुझ्यावर?"

पोर रडली.

शेवटी मालसुन तिला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "उपाशी राहून पोट मंद होतं. दोन घासांत तट्ट होतं, मळमळतं. रक्तात जस्त कमी आहे, त्यानेही जिभेची चव बिघडते. आणि ज्या पदार्थानंतर एवढी ओकारी झाली, त्याचा वास शरीर विसरत नाही. तिने तुमच्यावर डूख धरलेला नाही, बाई."

"मग शेजारणीचं कसं चालतं?"

"त्याला ना उग्र वास ना तिखटमीठ, म्हणून. नुसत्या त्यावर भागणार नाही, आहार हळूहळू वाढवू. दर आठवड्याला घेऊन या. पण सुरुवात तिथूनच."

बसमध्ये मालसुन खिडकीकडे तोंड करून बसली. उतरली ती थेट कुंपणाशी.

"गुर्येवाली, मला तुझ्यासारखं वाईट रांधायला शिकव."

"चाळीस वर्षं लागली मला, ताई. एका दिवसात कसं जमेल?"

गुर्येवाली खदखदून हसली, मालसुन नाही. चुलीशी तिचा हात दोनदा मिठाकडे गेला, दोन्ही वेळा गुर्येवालीने चापट मारली. "हात मागे बांध बघू!" खरवडीत पाणी ओतून झाल्यावर अख्ख्या गावाला जेवू घालणारे ते हात मालसुनने खरंच पाठीमागे बांधले.

वाटी तिने स्वतः नेली. यूरिमने वास घेतला. एक घोट. मग आणखी.

"तूच केलंस?"

"हो."

"अगदी गुर्येच्या काकूसारखं झालंय."

मालसुनला अशी शाबासकी कुणी दिली नव्हती. कुंपणापलीकडे ती बाई कपडे वाळत घालत होती, आणि मालसुनला त्या क्षणीही तिचा हेवा वाटत होता. यूरिमने वाटी पुढे केली. मालसुनने ती पुन्हा भरली, वरून काहीही न घालता.