शेणाखालची खूण

आकाराम सुतार लाकडाला कान लावायचा. वखारीत गेला की ओंडक्याच्या एका टोकावर कुणाला तरी हातोडी मारायला सांगायचा आणि आपण दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसून डोळे मिटायचा. आवाज खणखणीत आला तर मान हलवायची, बद्द आला तर धोतर झटकून चालू लागायचं. उंब्रजमध्ये त्याची नक्कल न केलेला माणूस नसेल. मीही केली आहे. पण भैरोबाच्या पालखीची दांडी मोडली त्या वर्षापासून मला त्या नकलेचं हसू येईनासं झालं.

ती दांडी आकारामच्याच हातची. दोन्ही टोकांना वाघाची तोंडं, जिभेवरचे काटेसुद्धा मोजून घ्यावेत अशी. लाकूड मात्र साताऱ्याच्या एका वखारीतलं. वखारवाल्याने दाखवला एक ओंडका आणि गाडीत घातला दुसरा. ओंडका उन्हाने तडकू नये म्हणून सगळेच वखारवाले त्याची टोकं शेणामातीनं लिंपून ठेवतात. या ओंडक्याच्या लिंपणाखाली चीर होती. आकारामला ती कोरताना दिसली, पण यात्रा तोंडावर आलेली. लाख आणि भुसा भरून त्याने ती बुजवली. बारीकसारीक चिरा सगळेच सुतार बुजवतात, त्यात नवल काहीच नाही.

पालखी वेशीशी आली आणि दांडी वाघाच्या मानेतच मोडली. देव रस्त्यावर पडला आणि तुटकं टोक मानसिंगच्या खांद्यात बसलं. पुढच्या खांद्याचा मान मानसिंगच्या घराचा. हाड जुळलं, पण वाकडं. त्याचा उजवा हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. मानसिंग आकारामला एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या वाटणीचं बाकीचं गाव बोललं आणि बोलताना हात आखडता घेतला नाही.

नवी दांडी आकारामनेच करायची, असं लालासाहेब पाटलांनी ठरवलं. पाटलांचं मन मोठं, असं काहीजण म्हणाले. मला विचाराल तर दुसरा सुतार यायला तयार नव्हता, एवढंच खरं. मानसिंगला कुणीतरी विचारलं, यंदा पुढं कोण? तो म्हणाला, "डावा खांदा हाय की माजा. मीच." हे ऐकलं आणि आकाराम दुसऱ्याच दिवशी लाकूड शोधायला निघाला.

दिवस लढाईचे. चांगलं सागवान दिसलं की सरकार पलटणीसाठी उचलायचं. कऱ्हाड म्हणू नका, सातारा म्हणू नका, वखारींमधून नुसता गाळ उरलेला. तरी आकाराम हिंडला. गेला की आधी बादलीभर पाणी मागायचा आणि ओंडक्यांची टोकं धुवायला बसायचा. वखारवाल्यांना राग यायचा. "आमी काय चोर हाय व्हय रं?" म्हणत एकाने त्याची बादली लाथेनं उडवली.

असा हिंडत तो सांगलीला हरणाबाईच्या वखारीत पोचला. नवऱ्यामागे ती एकटीच वखार चालवायची. लाकूड तिकडे हल्याळच्या जंगलातून यायचं, त्यामुळे तिच्या मराठीला कानडी हेल. आकारामने भीत भीत पाणी मागितलं. तिने घागर स्वतः आणून ओतली आणि म्हणाली, "धू की. मीबी धुतल्याबिगर घेत न्हाई."

आकारामने सरळ रेघांचा एक देखणा ओंडका निवडला. टोकं स्वच्छ होती, आवाज देवळातल्या घंटेसारखा. पुन्हा फसायचं नाही म्हणून त्याने दोन्ही टोकांवर पटाशीनं छोटा त्रिशूळ कोरला. "उन्हातनं यायचंय त्याला," म्हणून हरणाबाईने टोकं पुन्हा लिंपून घेतली. बैलगाडी मिळाली की पाठवते, म्हणाली.

गाडी आली त्या दिवशी आकाराम कृष्णेवर होता. हलगीचा आवाज ऐकून तो पळत सुटला, पण आमचं गाव कसलं थांबतंय! देवाचं लाकूड वेशीवर आलं म्हटल्यावर लेझीम निघाली, नारळ फुटला, आणि लिंपलेल्या टोकांवर बायकांनी मूठमूठ हळदकुंकू भरलं. गाडीवान हात हलवून काहीतरी ओरडत होता. त्यालाही नाचायचं असेल असं समजून कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. ओंडका उतरवून तो बिचारा निघून गेला.

आकाराम पटाशी घेऊन पुढे झाला तसा लालासाहेबांनी हात आडवा घातला.

"लोखंड लांब ठेव, आकाराम. म्हूर्ताआधी लावायचं न्हाई."

"नुस्ती खूण बघू द्या, मालक. लाकूड तेच हाय का बघतो."

"आनि हळदीकुकू खरवडणार व्हय? देव झालाय त्यो आता!"

गर्दी कुरकुरली. मागून कुणीतरी म्हणालं, एकदा देव पाडला तेवढं पुरे. ओंडका देवळात गेला. मुहूर्ताचा पहिला घाव पडला की लाकूड बदलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि मुहूर्त जवळ आलेला. म्हणजे खूण आत्ता बघायची, नाहीतर कधीच नाही. आकाराम खांबाला टेकून त्या शेणाकडे नुसता बघत राहिला. मला त्याची कीव आली आणि गावाचा भयंकर राग आला, पण पाटलांपुढे मीही तोंड उघडलं नाही.

बोलला तो मानसिंग. वर्षभरात आकारामशी पहिल्यांदाच.

"आकाराम, देवाला आंगूळ घालाय कोन न्हाई म्हनंल?"

आणि उत्तराची वाट न बघता तो कृष्णेवर गेला, डाव्या खांद्यावर घागर घेऊन आला. आता अभिषेकाला कोण अडवणार? लालासाहेबांनी स्वतःच हात जोडले. पाणी पडलं तसं आधी कुंकू वाहिलं, मग हळद, मग शेणमाती सुटून फरशीवर पसरली. टोक उघडं पडलं.

त्रिशूळ नव्हता.

दुसरं टोक धुतलं. तिथेही नव्हता.

मानसिंगचा हात नकळत खांद्यावर गेला. बाई लबाड निघाली, असं चारी बाजूंनी सुरू झालं. आकारामने फेटा उचलला आणि तडक सांगलीची वाट धरली.

वखारीच्या दारातूनच तो ओरडला, "हरणाक्का, माणूस मारायचाय व्हय तुला?"

हरणाबाईने त्याला पुरतं ओरडू दिलं. मग दंडाला धरून छपरामागे नेलं. तिथे त्याचाच ओंडका पडला होता, टोकावर त्याचाच त्रिशूळ. आणि बुडापासून शेंड्यापर्यंत पोटातून उकललेला. भेगेत हात जाईल एवढा.

"तू गेल्यावर वारं लागलं आन तडकलं," ती म्हणाली. "पोटातनं कच्चं व्हतं. तू नक्षी बघितलीस बाबा, वजं न्हाई बघितलंस. कच्चं लाकूड जड लागतंय."

"मग आमाला दिलंस ते?"

"आमच्या मालकांनी नदीत मुरवून सावलीत वाळवल्यालं. लेकाच्या घराची तुळई करायची व्हती." ती पुढं म्हणाली, "लेक पलटणीत हाय. माघारी आला तर बघंन दुसरी. गाडीवानाला समदं सांगून धाडलं व्हतं की. बोलला न्हाई त्यो?"

आकारामला फेटा बांधलेला गाडीवान आठवला. त्याच्या निवडीनं मानसिंग दुसऱ्यांदा मोडला असता. जिला तो चोर समजून आला होता, तिने आपल्या घराची तुळई देऊन त्याला वाचवलं होतं. भरल्या वखारीत तो लेकरासारखा रडला.

गावात आल्यावर त्याने देवळात उभं राहून सगळं सांगितलं. निवड माझी चुकली, बाईची नाही. मुहूर्ताचा घाव पडला आणि पुन्हा वाघ उमटू लागले. या वेळी त्याने मानेजवळ कोरीवकाम कमी ठेवलं, लाकूड जास्त. वाघ जरा जाडे झाले आहेत, अजून बघायला मिळतात.

यात्रेला हरणाबाई आली. पालखी उठली तेव्हा हलगीसुद्धा जपून वाजत होती. जो तो दांडीकडे बघत होता. वेशीशी, मागल्या वर्षीच्याच जागेवर, मानसिंग थांबला. "आकाराम, हिकडं ये. माझ्यामागं खांदा दे." पाटलांच्या कपाळाला आठी पडली. मानसिंग म्हणाला, "मान आमच्या घरचा हाय, मी दिला." आकाराम दांडीखाली शिरला.

आमच्याकडे नवस असलेली माणसं वाटेत पालथी पडतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. त्या वर्षी एकही माणूस आडवा पडायला धजेना. रस्ता रिकामा. तेवढ्यात हरणाबाई पुढे झाली, पदर खोचला आणि वेशीच्या ऐन मध्यावर पालथी पडली.

आकारामने दात आवळून पाऊल उचललं. दांडी कुरकुरलीसुद्धा नाही. पालखी तिच्यावरून गेली, तशा भराभर बाकीच्या बायका पुढे आडव्या झाल्या.

हरणाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि घाईनं पालखीमागे चालू लागली. लेकासाठी नवस बोललाय आणि नारळ अजून फोडायचाय, म्हणाली.