दोष शिवणकामाचा

मॅनेजरने कात्री आईच्या हातात दिली.

"तुम्ही शिवलंय, तुम्हीच कापा," तो इंग्रजीत म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "सांग मम्मीला."

मी सांगितलं. तोवर आईला कळलेलं होतं.

टेबलावर लष्कराच्या चितकबऱ्या कापडाचे शर्ट होते. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आई आणि आठ बायकांनी शिवलेले. नापास झालेला शर्ट बाजारात जाऊ नये, भलत्या माणसाच्या अंगावर चढू नये, म्हणून तो पाठीत उभा कापतात. तो नियम मला मान्य आहे. पण जिने शिवलं तिनेच उभं राहून, ऑफिसातल्या लोकांसमोर कापायचं, हा या कंपनीचा स्वतःचा शोध.

आईने पहिला शर्ट घेतला. मानेपाशी कात्री लावली. जाड कापड, दुहेरी शिवण. कात्री अडली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

"बघा," मॅनेजर बाजूच्या माणसाला म्हणाला, "कापायलाही जमत नाही."

दोघं हसले. मी पण हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मोठा माणूस हसला की आपण हसायचं, असं माझ्या अंगातच बसलेलं होतं. आई कापत राहिली.

हे मी मराठीत लिहिते आहे. मला इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. तमिळ बोलणं त्याहून सोपं. पण आईला फक्त मराठी वाचता येतं, आणि हे तिने वाचायला हवं.

आम्ही तमिळ मुलखातल्या आवडी गावचे. बाबा भुसावळकडून सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आवडीत सगळं कारखान्यांवर चालतं. गेटसमोरचे इडलीवाले, सायकल स्टँड, भाड्याच्या खोल्या, शाळा, शिकवण्या. कारखाना मोठ्या कंपनीला काम देतो, मोठी कंपनी आमच्यासारख्या शेडवाल्यांना. कुणी शर्ट शिवतं, कुणी पट्टे, कुणी तंबूच्या दोऱ्या वळतं.

मग दिल्लीत लष्कराचं बजेट कापलं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. आम्हाला दिसलं. आधी बाबांचा ओव्हरटाइम गेला. संध्याकाळी पाचलाच घरी येऊन ते काय करावं ते न कळून फॅन पुसायचे. गेटसमोरच्या बाईने इडलीचं दुसरं भांडं लावणं बंद केलं. आमच्या शेजारच्या तीन खोल्यांवर 'टू-लेट'च्या पाट्या लागल्या आणि पावसाने त्यांची शाई ओघळली तरी तशाच राहिल्या. आमच्या शेडमधल्या आठ मशिनींपैकी पाचच चालायला लागल्या. बायका तरी आठही यायच्या. आळीपाळीने बसायच्या.

"अक्का, मिलिटरीवाल्यांनी कपडे घालायचे सोडले काय?" धनम आईला विचारायची. धनम आमची सगळ्यांत जुनी शिवणारी. "उघडेच लढणार असतील तर सांग, निदान बघायला तरी जाऊ."

सगळ्या हसायच्या. आईसुद्धा.

आणि अशात आमचा माल नापास झाला. अख्खा गठ्ठा. जी बाई शिवणीवरून नखाची कड फिरवते आणि एका इंचात टाके किती ते न बघता सांगते, तिचा. तिच्या हाताखालून वाकडी कॉलर गेलेली मी कधी पाहिली नाही. शाळेच्या गॅदरिंगला माझा फ्रॉक तिने तीनदा उसवला होता. मी रडत होते, बस निघायची वेळ झाली होती, आणि ती उसवत होती.

मला आठवतं, त्या दिवशी मॅनेजरने एकही शर्ट भिंगाखाली धरला नाही. भिंग टेबलावरच होतं. त्यावर त्याने चहाचा कप ठेवला होता.

कापून झालं. आईच्या अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठला होता. मॅनेजरने फॉर्म पुढे केला आणि मला विचारलं, "कुठल्या शाळेत?"

मी शाळेचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. "अरे, माझी मुलगी तिथेच होती! मग तूच लिही. यू राइट, मम्मी विल साइन."

त्याने मला खुर्ची दिली. आई उभीच होती.

नापास होण्याचं कारण, असा रकाना होता. त्याने सांगितलं, "खराब शिलाई, एवढंच लिही." मला ते ओबडधोबड वाटलं. अशी भाषा शोभत नाही, असं वाटलं. मी पेन उचललं आणि एक छान, लांब, वळणदार इंग्रजी वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा: मालातील सर्व दोष आमच्या निकृष्ट शिवणकामामुळे उद्भवले असून त्यांची संपूर्ण जबाबदारी आम्ही कोणत्याही दबावाविना स्वीकारतो.

'कोणत्याही दबावाविना' हे मी माझ्या मनाने घातलं. वाक्याला वजन यावं म्हणून.

मॅनेजरने वाचलं. परत वाचलं. "ब्यूटिफुल," तो म्हणाला.

माझे कान गरम झाले. मला बरं वाटलं. आई माझ्यामागे उभी, हाताला वळ, पायांशी फाडलेल्या शर्टांचा ढीग, आणि मला बरं वाटलं. आईने विचारलं नाही काय लिहिलंय. मुलीने लिहिलंय म्हणजे ठीकच असणार. तिने सही केली. मराठीत, पूर्ण नाव, प्रत्येक काना नीट.

त्यानंतर आई कामासाठी ओरगडमला गेली. तिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवून घेणारी एक कंपनी आहे. मजबूत शिवणीची सवय असलेल्या बायका त्यांना हव्या होत्या. नमुना त्यांना आवडला. मग त्यांनी आधीच्या कंपनीचे कागद मागितले. आईने सगळी फाइल दिली, तो फॉर्मही. ती परत आली तेव्हा चप्पल न काढताच पायरीवर बसली.

"नको म्हणाले," ती म्हणाली. "आधी म्हणाले उद्यापासून या. मग कागद वाचला, आणि नको म्हणाले. का ते सांगत नाहीत."

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. खरंच आलं नाही. आपण लिहिलेलं कुणी वाचतं आणि त्यावरून काही ठरतं, हे शाळेत शिकवलं नव्हतं. तिथे फक्त मार्क मिळायचे.

लक्षात आलं ते एका रविवारी. पुढच्या गल्लीतले मुरुगन अण्णा आले. त्यांचं कॅनव्हासच्या पट्ट्यांचं काम. हातात एक कागद.

"तंगच्ची, हे जरा वाचून दाखव," ते म्हणाले. ते मला धाकटी बहीण म्हणतात. "उद्या सही करायची आहे. माझाही माल गेला. आमच्या रांगेत सगळ्यांचाच गेला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. ऑर्डर अर्धी झाली ना. मागवलेला माल कारणाशिवाय परत कसा करणार? मग नापास."

हे ते इतकं सहज म्हणाले. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इंग्रजी येणाऱ्या मलाच तेवढं नव्हतं.

मी कागद हातात घेतला. कारणाचा रकाना या वेळी रिकामा नव्हता. आधीच छापलेला होता. मालातील सर्व दोष आमच्या निकृष्ट. संपूर्ण जबाबदारी. कोणत्याही दबावाविना.

माझं वाक्य. स्वल्पविरामासकट.

शब्द बदलायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते. फक्त 'शिवणकाम' काढून 'कारागिरी' घातलं होतं, म्हणजे पट्टेवाल्यांना, दोरीवाल्यांना, सगळ्यांना लागू पडावं.

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्यांना वाटलं मला वाचता येत नाही. "कठीण इंग्रजी आहे काय? राहू दे मग," ते म्हणाले आणि कागद परत मागू लागले.

मी दिला नाही. मी आईला हाक मारली. शेडमधून ती आली, पाठोपाठ धनम. आणि मी ती ओळ वाचली, तमिळमधून अण्णांसाठी, मराठीतून आईसाठी. मग म्हणाले, "हे मी लिहिलंय. तू सही केलीस ते हेच. ओरगडमवाल्यांनी वाचलं ते हेच."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला वाचून का नाही दाखवलंस?" तिने विचारलं.

एवढंच. खरं उत्तर आहे ते असं, की मी त्या खुर्चीवर बसले होते आणि मला तिथून उठायचं नव्हतं.

धनम मात्र बोलली. "एवढं शिकवलं अक्का तू हिला. आपली फाशी आपल्याच पोरीच्या सुंदर अक्षरात."

अण्णांनी सही केली नाही. आणि आमचा दुसरा गठ्ठाही नापास झाला म्हणून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं.

जाण्याआधी बाबा म्हणाले, "मोठ्या लोकांशी वाद नको. मीही कारखान्यातच आहे. तीन गठ्ठे नापास झाले की काम मिळणाऱ्यांच्या यादीतून नाव जातं. आज गप्प राहिलात तर निदान पुढची ऑर्डर येईल." बाबा भित्रे नाहीत. त्यांना आवडी माझ्यापेक्षा जास्त कळते.

तीच खोली. तोच एसी. मॅनेजरने मला ओळखलं. "या, रायटर मॅडम," म्हणाला आणि खुर्ची ओढली.

मी बसले नाही. त्याने कात्री आईपुढे सरकवली. आईने हात पदराखाली घेतले.

मी म्हणाले, "आधी भिंगाखाली दाखवा. कुठला टाका चुकलाय."

"व्हॉट?"

मी पुन्हा म्हणाले, इंग्रजीत. "एक शर्ट निवडा. कुठलाही. दोष दाखवा. दिसला तर आई स्वतः कापेल. नाही दिसला तर कारणात खरं लिहा. ऑर्डर कमी झाली म्हणून माल घेतला नाही, असं लिहा."

त्याने शर्टाकडे बघितलंही नाही. "तुमच्या शाळेत हेच शिकवतात?" तो म्हणाला. "तुझ्या मम्मीला यादीत राहायचंय की नाही, ते विचार तिला."

मी आईला विचारलं. शब्दन् शब्द भाषांतर करून, काही न गाळता, काही न सजवता. पहिल्यांदाच.

आई म्हणाली, "त्याला सांग, यादीत माझं नाव माझ्या कामाने आलं होतं. खोटं लिहून राहणार नाही."

मी सांगितलं. सही न करता आम्ही बाहेर पडलो. शर्ट तिथेच राहिले, न कापलेले. ते नंतर कुणी कापले मला माहीत नाही.

यादीतून नाव गेलं. शेडमध्ये आता दोनच मशिनी चालतात, शाळेच्या गणवेशावर. धनम गुम्मिडिपूंडीला पॅकिंगच्या कामाला जाते. सकाळी इतक्या लवकर निघते की आमची भेट होत नाही. बाबा माझ्याशी कमी बोलतात. बजेट दिल्लीत कापतात, ते मी थांबवू शकत नाही. पण कापलं बजेट, आणि कागदावर दोष आमच्या हातांचा, हे मी लिहून दिलं होतं. ते मीच परत घेणार.

मी कारखान्याच्या तपासणी विभागासाठी एक जबाब लिहिला आहे. फॉर्मवरची ओळ माझी आहे. ती खोटी आहे. माल कुणीही तपासला नव्हता. दबाव होता, आणि तो मी पाहिला होता. गल्लीतल्या ज्यांनी सह्या केल्या, त्या प्रत्येकाच्या दारात मी हा जबाब घेऊन जाते आहे. त्यांच्या भाषेत वाचते. ज्याला पटेल तो खाली सही करतो. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईने मला विचारलं, तेव्हा कुठे होतीस? मी म्हणाले, खुर्चीवर होते. तिने सही केली नाही. मी पुन्हा जाणार आहे.

उद्या जबाब द्यायला जायचं आहे. सगळ्यांत वर माझं नाव आहे, पूर्ण. आईने तो शब्दन् शब्द ऐकला आहे, दोनदा. एका जागी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, हे जास्त गोड झालंय, काढ.

मी काढलं.