कामावर निघालेले अण्णा

कुपवाडच्या वाटेवर एक रीत आहे. सकाळी कोपऱ्यावर हातात डबा घेऊन कुणी उभं दिसलं, की गाडीवाला थांबतो, "बसा" म्हणतो आणि माणूस मागं बसतो. कोण, कुठला, काही विचारत नाहीत. या रीतीपायीच माझे वडील एका सकाळी हरवले.

अण्णांनी उभा जन्म कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर काढला. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण स्मृतिभ्रंशानं ती त्यांच्या डोक्यातून पुसून टाकलीत. त्या दिवशी रिकामा डबा घेऊन ते कोपऱ्यावर गेले आणि एका भल्या माणसानं त्यांना एमआयडीसीत नेऊन सोडलं. दुपारी ते एका वर्कशॉपमध्ये सापडले. तिथल्या कामगारांच्या चुका काढत स्टुलावर बसले होते, अगदी मजेत. रडून रडून डोळे सुजले होते ते माझे.

मी जात्याच तापट. फाटकाला कुलूप घातलं आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या गाडीवाल्यांना मारुतीच्या देवळात बोलावून फैलावर घेतलं. गळ्यात पत्त्याचं कार्ड, कोपऱ्यावर कॅमेरा, अण्णांना कुणीही गाडीवर घ्यायचं नाही, अशी माझी यादी तयार होती. शेजारच्या काकूंनी मला मध्येच थांबवलं. "आगं, पर त्यास्नी इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. अण्णा तिथंच पायरीवर शेंगदाणे खात बसले होते. "अण्णा, तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं.

"कुठं जायचं ते इसरतो मी," ते म्हणाले. "पण घरात बसवत न्हाई. कुलूप तेवढं काढ."

मी इतकी ओशाळले की यादी तशीच पर्समध्ये कोंबली. मग गाडीवाल्यांनीच ठरवलं. रोज सकाळी एकानं पाळीनं अण्णांना न्यायचं, नाक्यावर चहा पाजायचा, आज कारखान्याला सुट्टी आहे म्हणायचं आणि घरी आणून सोडायचं. कार्ड मात्र शर्टाच्या खिशात.

पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून फाटकात उभी होते. अर्ध्या तासानं अण्णा आले, रुबाबात गाडीवरून उतरले आणि मला म्हणाले, "आवं बाई, आमच्या पोरीला सांगा, बाप आला म्हणून. लय काळजी करती ती."

"सांगते," मी म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, तरी इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.