पानांच्या डॉक्टरबाई

कुणी ‘झालं’ म्हणालं, की बाई चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, “एकदा उलटं तपासा.”

पुण्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्या मार्गासनीला, आपल्या गावी परतल्या होत्या. मी वेल्ह्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. रविवारी त्यांच्याकडे जायचो. गावाला त्या ‘डॉक्टर’ एवढंच ठाऊक.

“बाई, गुडगा लई दुकतोय, गोळी द्या की.”

“मावशी, मी पानांची डॉक्टर हाय.”

“मग पाला तरी द्या!”

पानावर ऊन पडलं की आतल्या प्रथिनात ऊर्जा लाटेसारखी, एका तालात पसरते. भोवतालच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो ताल क्षणात मोडतो. तो टिकवायचा, हा बाईंचा ध्यास. पानशेतला नावेत बसलो असताना त्यांनी पाण्यावर तळहात मारला. लाटा काठाला गेल्या आणि परत येऊन नाव हलवू लागल्या.

“बघा सर, पाणी लगेच विसरत नाही. रेणूभोवतीचं पाणीही विसरत नाही. जी लाट परत येते, तिच्या तालात प्रकाशाचा धक्का द्यायचा, म्हणजे ताल टिकेल.”

पानात एवढं काही चालतं, हे कितीजणांना माहीत असतं?

नंतर बाईंना कर्करोग निघाला. दिवस थोडे आहेत, हे त्यांनीच मला शांतपणे सांगितलं. त्याच महिन्यात, प्रयोगशाळेत त्यांचं काम पुढं चालवणाऱ्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला, “मॅडम, ताल टिकला!”

मी पेढे आणायला उठलोच. बाई फोनवर म्हणाल्या, “प्रथिन काढून टाक. नुसत्या द्रावणात बघ.”

दोन दिवसांनी कळलं, प्रथिन नसतानाही तोच ताल दिसतो. तो द्रावणाचाच होता.

मी चिडलो. “कशाला तपासायला लावलंत? कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं ना.”

बाईंनी पुन्हा गणित मांडलं. हात थरथरायला लागल्यावर त्या आकडे सांगत, मी लिहून विद्यार्थिनीला पाठवत असे. आठ महिने असे गेले.

आमची शेवटची भेट भोरच्या दवाखान्यात झाली. विद्यार्थिनी धावतच आली.

“मॅडम, नुसत्या द्रावणात काही नाही. प्रथिन घातलं की ताल दिसतो. थोडाच जास्त टिकतो, पण प्रथिनाचाच आहे.”

बाईंना बोलवत नव्हतं. तिनं मोबाईलवरचा आलेख त्यांच्यापुढं धरला. बाईंनी रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढं नेलं. एवढी वर्षं ताल मोडून जिथं ती सपाट व्हायची, तिथं बोट थांबलं.

रेघ तिथं अजून हलत होती. बोट तिच्यावरून पुढं सरकलं.