डाव्या बाजूचे दोन सूत

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. चौरस्त्यावर कुणीतरी ओवाळून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी खाल्लेला माणूस आहे मी. (बायकोने खाल्ली नाही, आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.) इथले भुताखेतांचे अनुभव वाचतानाही माझा पहिला विचार हाच, की या माणसाला जेवण जड झालं असणार. म्हणून तर स्वतःचा अनुभव लिहायला इतकी वर्षं लावली. शिवाय यात ना स्मशान आहे, ना पांढरी साडी. सगळं भर दिवसा, इंदूरमध्ये, आमच्या घराच्या मागच्या पडवीत घडलं... आणि घाबरावं असं त्यात काही नव्हतंच.

मी एका कापड मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. मशीनचा पार्ट तुटला की माझ्या टेबलावर यायचा. मी मापं घेऊन ड्रॉइंग करायचो, त्यावरून पॅटर्न शॉपमधले रामेश्वर भिया (इंदुरात 'भैया'चं 'भिया' होतं, आणि सगळेच एकमेकांना तसं म्हणतात) लाकडाचा नमुना करायचे, आणि तो ओतकामाला जायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तो आमच्या लेखी फार मोठा. मग शहरातल्या मिल एकेक करून बंद पडत गेल्या, तशी आमचीही पडली. पेपरात देश कसा खुला होतोय त्याचे लेख, टीव्हीवर नव्या गाड्यांच्या जाहिराती, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी लुंगीवर घरात. बायको, सुनंदा, शाळेत शिकवायची म्हणून घर चालत होतं. भोंगा वाजत नसूनही मी साडेसहाला उठायचो आणि कपाटाचे खण आवरत बसायचो. "झालं का साहेब आपलं ऑफिस?" असं सुनंदा हसून विचारायची. पण मला ते झोंबायचं.

सासूबाई आमच्याकडेच असत. माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठी, सासर इंदूर. सासरे रेल्वेत होते. लग्न होऊन इकडे आल्यावर त्यांनी समुद्र पुन्हा पाहिला नाही. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं — काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकली तर टिकली. सासूबाई घरी आल्या, शांतपणे चहा प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला 'आनंदी' करता येईल काय हो?"

'आनंदी' म्हणजे त्यांच्या वडिलांची फत्तेमारी, मालवाहू शिडाचं गलबत. तिचा एकच फोटो घरात होता. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, उजवी बाजू आपल्याकडे, शेजारी घासलेटचा एक चौकोनी डबा.

मी म्हटलं, "फोटो आहे की, आई."

"बघून काय करू? आता दिसायचंय किती! मला हात लावायचाय."

मग त्यांनी सांगितलं ते सुनंदालाही माहीत नव्हतं. त्यांच्या घरची पद्धत अशी, की आनंदी ज्या दिवशी सुटणार, त्या दिवशी घरातल्या पोरांनी किनाऱ्यावर जायचं, तिच्या डाव्या कुशीवर बरोब्बर मध्यावर तळहात टेकवायचा आणि म्हणायचं, 'बाबांना घेऊन ये.' सासूबाई नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी मुंबईहून बांगड्या आणायचं कबूल केलं आणि विसरले. पोरगी रुसली, आणि मावशीच्या गावी जाऊन आठ दिवस बसली. तेवढ्यात आनंदी सुटली. वाटेत वादळ झालं. ती परत आली नाही, वडीलही आले नाहीत.

"मी हात लावायला हवा होता," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वादळाला तुमच्या हाताशी काय देणंघेणं?"

"ते मला कळतं हो. हाताला नाही कळत."

दुसऱ्या दिवशी शिवणयंत्रावर जुनं दार आडवं टाकून मी ड्रॉइंग टेबल केलं.

आता गलबत करायचं तर आधी नकाशा हवा. आनंदी बांधणाऱ्या सुतारांचे चिरंजीव दत्ताराम मेस्त ऐंशीच्या घरात असून तिकडे हयात आहेत, असं नात्यातून कळलं. त्यांना पत्र टाकलं. कार्ड आलं : 'नकाशा कसला? आमचे वडील डोळ्यांनी बांधत.' एवढंच. मी चिडून पुन्हा चार पानी पत्र लिहिलं — लांबी, रुंदी, फळ्या, जे जे आठवत असेल ते कळवा. त्याला उत्तरच नाही.

मग फोटोवरून सुरुवात केली. तो घासलेटचा डबा मला देवासारखा भेटला, कारण तसाच डबा आमच्या मोरीत होता. त्याच्या उंचीवरून गलबताची लांबी निघाली, सुमारे चाळीस फूट. एका फुटाला पाऊण इंच असं प्रमाण धरलं, म्हणजे मॉडेल अडीच फुटांचं. पाव कापतात तसे गलबताचे आडवे काप कागदावर मांडायचे आणि त्यांच्या कडा एका लवचिक पट्टीने जोडत जायच्या. रेघ कुठे अडखळली की समजायचं, माप चुकलं. नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, दहादा खोडली. सराफ्यात सोनारांकडे मिळतात तसली बारीक करवतीची पाती आणली, रामेश्वर भियांनी सागवानाच्या पट्ट्या चिरून दिल्या. तीन महिने मी रोज सकाळी कामाला जात होतो — पडवीत. सुनंदा "झालं का ऑफिस" विचारायची ती आता डबा घेऊन.

आमच्या धंद्यात एक सवय असते. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ड्रॉइंग अर्धंच काढायचं, मधली रेघ मारायची आणि खाली लिहायचं : 'दुसरी बाजू तशीच.' फोटोत उजवी बाजू होती, मी उजवी काढली आणि तिच्यावरून बरगड्यांचा, म्हणजे आतल्या सांगाड्याचा, पुठ्ठा कापला. डावीसाठी तोच पुठ्ठा उलटा ठेवून बरगड्या कापल्या. खाली 'दुसरी बाजू तशीच' लिहिलं. त्यात न लिहिण्यासारखं काय होतं? आयुष्यभर तेच तर लिहीत आलो होतो.

मॉडेल झालं. कॅलिपरने तपासलं, दोन्ही बाजूंत केसाचाही फरक नाही. दुपारी सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नाळेपासून सुकाणूपर्यंत सावकाश हात फिरवला.

"किती गुळगुळीत केलीत हो... पण ही आनंदी नव्हे."

"कशावरून?"

"ते नाही सांगता यायचं."

माझं डोकंच फिरलं. "साठ वर्षांपूर्वीचा हात, आई! त्याला काय आठवणार?" असं बोलून गेलो. त्या खाली पडलेला भुसा पदराने गोळा करत राहिल्या. माझं चुकलंच. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने सगळ्या फळ्या उतरवल्या. म्हटलं, माझं बसवणं कुठे तरी ओबडधोबड झालं असेल. त्याच बरगड्यांवर नव्या पट्ट्या वाफेवर वाकवून बसवल्या, घासल्या, कॅलिपर लावला. उजवी बाजू ड्रॉइंगबरहुकूम. डावी मध्यावर दोन सूत जास्त.

दोन सूत! मिलमध्ये असा पार्ट केला असता तर मी स्वतःच रिजेक्ट केला असता. आतून पाहिलं, तर फळ्या बरगड्यांना घट्ट चिकटलेल्या, कुठेही फट नाही. फळ्यांची जाडी सगळीकडे एक. सगळं पुन्हा उतरवलं आणि बरगड्या मोजल्या, तर त्या दोन्हीकडे सारख्या! पुन्हा फळ्या बसवल्या... पुन्हा डावीकडे, त्याच जागी, दोन सूत.

रामेश्वर भियांना बोलावलं. ते स्वतःचा कॅलिपर घेऊन आले, माझ्या कॅलिपरवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. चष्मा पुसून त्यांनी चारदा मोजलं.

"सावंत साब, लकडी मैंने चीरी है. उसमें तो कोई खोट नी."

"मग कॅलिपर खोटं बोलतोय काय?"

"वो भी नी." त्यांनी फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि कॅलिपर खिशात ठेवला. मग म्हणाले, "भिया, अब तीसरी बार मत उतारना. जो बन री है, बनने दो."

मिलमध्ये वीस वर्षं सुताच्या चौथ्या हिश्श्यावरून माझ्याशी भांडलेला हा माणूस! मी ऐकणार नव्हतो. फुगीर भाग घासून टाकायचा ठरवलं. पॉलिश पेपर हातात घेतला, तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, झाली काय?"

तीन वाजले असतील. बाहेर भंगारवाला ओरडत होता. मी जसं होतं तसं मॉडेल नेलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. या खेपेला त्यांनी नाळ चाचपलीच नाही. उजवा हात उचलला आणि सरळ डाव्या कुशीवर, मध्यावर, त्या दोन सुतांवर टेकवला. हात तिथेच राहिला. ओठ हलले. मी शेजारीच बसलो होतो म्हणून ऐकू आलं, "बाबांना घेऊन ये."

मग म्हणाल्या, "हीच."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी चहा मागितला, साखर कमी म्हणून सुनंदाला नावं ठेवली, आणि मी पॉलिश पेपर खिशातच ठेवला.

इथवर मी अजूनही म्हणत होतो, की योगायोग. लाकूड आहे, फुगलं असेल. म्हातारीला आपल्या समाधानाशी कारण.

पंधरा दिवसांनी दत्ताराम मेस्तांचं पत्र आलं. नातवाकडून लिहवून घेतलेलं. मी ते सासूबाईंसमोरच मोठ्याने वाचलं. आधी लांबी-रुंदी होती, माझ्या मापांच्या बरीच जवळची, त्यामुळे मी जरा ताठ बसलो. मग पुढे :

'शेवटच्या खेपेआधी आनंदी खडकाला घासली. डाव्या बाजूच्या मधल्या फळ्या फुटल्या. वडिलांनी घाईत नव्या घातल्या, त्या चार बोटं फुगीर राहिल्या. मालक म्हणाले, परत आल्यावर नीट करू. दुसऱ्या दिवशी सुटली.'

मी पत्र खाली ठेवून हिशोब केला. आमच्या प्रमाणात दोन सूत म्हणजे खऱ्या गलबतावर चार इंच. मेस्तांची चार बोटं म्हणजे तेवढीच, सुताराची बोटं जाडच असणार.

"आई, ही दुरुस्ती तुम्हाला माहीत होती?"

"कसली दुरुस्ती?" त्यांनी पत्राच्या दिशेने मान वळवली. "मी तेव्हा मावशीकडे होते ना!"

म्हणजे तो फुगवटा त्यांच्या हाताने कधी पाहिलाच नव्हता. त्यांना आठवण असायला हवी होती ती आधीच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या आनंदीची. तिला तर त्या 'ही नव्हे' म्हणाल्या होत्या. आणि ज्या आनंदीला त्यांनी 'हीच' म्हटलं, ती त्या एका दिवसाची, ज्या दिवशी त्या गेल्या नव्हत्या.

सुनंदा दारात उभी होती. सासूबाईंनी पुन्हा एकदा त्या जागी हात ठेवला आणि म्हणाल्या, "लावला गो बाई, एकदाचा."

पुढे मला इंदूरबाहेर राऊजवळ एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम मिळालं. सासूबाई आणखी चार वर्षं होत्या. नजर पूर्ण गेली, पण मावशीकडे रुसून बसलेल्या पोरीसारखं जे काही त्यांच्यात आयुष्यभर होतं, ते त्या दुपारनंतर मी पाहिलं नाही. मॉडेल अजून आमच्याकडे आहे. मी वर्षातून एकदा मोजतो. दोन सूत.

ड्रॉइंगही आहे. पत्र आलं त्याच दिवशी मी 'दुसरी बाजू तशीच' ही ओळ खोडली आणि डावी बाजू वेगळी काढली. ड्रॉइंगमध्ये बदल केला की कोपऱ्यातल्या तक्त्यात नोंद करावी लागते : काय बदललं, कुणी बदललं, कारण काय. पहिल्या दोन रकान्यांत मी लिहिलं आहे. सगळ्या नोकरीत मी एकही रकाना कोरा सोडला नव्हता, पण तिसरा अजून कोराच आहे.