वालावलकरकाकांची निळी ताडपत्री

वालावलकरकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका खांबाला तळवा लावून, डोळे मिटून उभे होते. सिंगापूरच्या नॅशनल डेची संध्याकाळ होती. सेम्बावांगमधल्या आमच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, अख्खा शेजार गोळा झाला होता. पलीकडच्या मैदानातून आतषबाजी सुटत होती, लोक माना वर करून, फोन उंच धरून उभे होते आणि हे गृहस्थ मात्र आकाशाकडे पाठ करून. शेजारच्या बाकावर त्यांची बायको, तीही पाठ करून, शांतपणे मटार सोलत बसलेली. मला वाटलं, यांना चक्कर आली असावी. आम्ही त्या ब्लॉकमध्ये नवे होतो, तरी मी पुढे झाले आणि इंग्रजीत विचारलं, बरं वाटत नाही का.

"उत्तम वाटतंय," त्यांनी डोळे न उघडता चक्क मराठीत सांगितलं. "हा आला बघा. मोठा होता."

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"मघापासून मुलीला 'रस्त्यावर जाऊ नकोस' म्हणून ओरडताय. मी डोळे मिटलेत, कान नाही."

ही आमची ओळख. काका मूळचे मालवणचे. उभी हयात त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, चीफ इंजिनियर झाले, मग समुद्र सोडून सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला लागले. जहाज सुटलं तरी जहाजाची भाषा सुटली नव्हती. कुठेही निघायचं असलं, अगदी कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, की ते दारात उभे राहून "स्टँडबाय" म्हणत. आणि जेवण झालं, ताट घासून पुसून ठेवलं, की समाधानाने म्हणत, "फिनिश्ड विथ इंजिन." जहाज धक्क्याला लागलं, आता इंजिनाचं काम संपलं, असा वरच्या ब्रिजवरून खाली निरोप येतो, तो हा. काकूंना या भाषेचा मनापासून कंटाळा होता. "घर आहे हे, बोट नाही," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या.

आकाशाकडे पाठ करण्याचं कोडं मला काकूंनीच, सोलकढीची वाटी पुढे करत, उलगडून सांगितलं. म्हणजे सुरुवात त्यांनी केली, पुढचं काकांनी हिसकावून घेतलं.

तरुणपणी काकांचं जहाज जपानच्या फेऱ्या करायचं. तिथे उन्हाळ्यात गावोगाव आतषबाजीचे उत्सव होतात. त्याला ते लोक हनाबी म्हणतात. काका मालवणच्या जत्रेतल्यासारखं 'दारूकाम' म्हणत. जहाज बंदरात उभं असायचं, किनाऱ्यावरून दारूकाम सुटायचं, सगळे खलाशी डेकवर जमायचे आणि काका खाली. बंदरात जहाज थांबलं की इंजिनवाल्यांचं खरं काम सुरू होतं. कधी जनरेटर रुसलेला, कधी पंप उघडून ठेवलेला.

"वरून पोरं ओरडायची, चीफ, या हो वर," काका सांगत होते. "मी म्हणायचो, हा आलोच. आणि नेमका एखादा बोल्ट अडकायचा. पण थापा ऐकू यायच्या. बाहेरून कुणी जहाजाच्या पोटावर हात मारतंय अशा. मी पत्र्याला तळवा लावून उभा राहायचो. घरी फोन केला तर ही विचारते, कसं दिसलं? म्हटलं, दिसलं नाही गो, हाताला लागलं."

"तेव्हा मी म्हटलं, मग आपण दोघं मिळून बघू," काकू म्हणाल्या. "तोवर मी पण बघणार नाही. सहज म्हटलं होतं हो. हे धरून बसले."

"आणि तू?" काकांनी विचारलं.

"मी पण बसले," काकू म्हणाल्या आणि सोलकढी ढवळत राहिल्या.

मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, रजा न मिळणं, यांत ते राहूनच गेलं. नवराबायको त्या दिवसापासून कुठलीच आतषबाजी बघत नव्हते. दिवाळीत फुलबाजी चालायची, भुईनळाला हरकत नव्हती. आकाशात जाऊन फुटणारं काहीही दिसलं की दोघं पाठ फिरवत. मला हे इतकं वेडगळ आणि इतकं गोड वाटलं की मी तिथल्या तिथे म्हटलं, "मग येत्या उन्हाळ्यात जाऊ या की. आम्हीही येतो." माझ्या नवऱ्याने टेबलाखालून मला पाय मारला. तोवर काकांनी "स्टँडबाय" म्हटलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. काका रोज ऑफिसातून परतताना आमची बेल वाजवत. नदीकाठचं एक गाव त्यांनी नक्की केलं होतं. नदी हवी, कारण दारूकाम पाण्यात दुसऱ्यांदा दिसतं. डोंगर हवा, कारण आवाज परत येतो. काकूंसाठी बसायला गवत हवं. साठी उलटलेला माणूस इतक्या उत्साहात आलेला पाहून यार्डातली माणसं त्यांना नातू झाला का म्हणून विचारू लागली.

आणि त्या पहिल्या खेपेला आम्ही माती खाल्ली. ती अशी फक्त सिंगापूरकरांनाच खाता येते.

उत्सवाच्या दिवशी दुपारीच आम्ही नदीकाठी पोहोचलो. काकांनी समोर काही आडवं येणार नाही अशी अप्रतिम जागा हेरली. पण ऊन मी म्हणत होतं आणि काकूंना गरगरायला लागलं. त्यांना कुठेतरी गार हवेत नेणं भाग होतं. जागेचं काय? काकांनी ऐटीत खिशातून टिश्यूची पाकिटं काढली आणि गवतावर चार कोपऱ्यांना मांडली. हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. पंतप्रधान आले तरी ते तिथे बसणार नाहीत. याच भरवशावर आम्ही निश्चिंत मनाने गार नूडल्स खायला गेलो.

परत येतो तो आमच्या जागेवर एक भलंमोठं कुटुंब, निळ्या ताडपत्रीवर मांडी घालून बसलेलं. आजूबाजूला सगळीकडे तशाच ताडपत्र्या, कडा चिकटपट्टीने पक्क्या केलेल्या. तिथली जागा धरायची रीत ती होती, हे आम्हाला तेव्हा दिसलं. आमची मुलगी ईरा रडकुंडीला आली. "बट वी चोप ऑलरेडी लाह," म्हणजे जागा आम्ही आधीच धरलीय, असं ती त्या कुटुंबाला आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगू लागली. इतक्यात दंडाला पट्टी बांधलेले एक वृद्ध स्वयंसेवक आले. माझ्या फोनवर भाषांतर वाचून त्यांचा चेहरा उजळला. टिश्यूची पाकिटं? सापडली आहेत. कुणाची तरी हरवली म्हणून त्यांनी ती उचलून नेऊन जपून ठेवली होती. चला माझ्याबरोबर.

हरवलेल्या वस्तूंचा तंबू काठाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. नको म्हणायची काही सोय नव्हती, कारण ते आजोबा आमच्यासाठी गर्दीतून वाट काढत पुढे धावत होते. तंबूत एका बाईंनी आम्हाला बसवलं आणि फोनवरून विचारलं, पाकिटांचा रंग कोणता? वर चित्र कसलं होतं? तेवढ्यात बाहेर पहिली थाप पडली. तंबूचं कापड थरथरलं. माझा नवरा आणि ईरा बाहेर पळाले. काका मात्र खुर्चीच्या कडेवर, हात जोडून, पाकिटावरच्या फुलांचं वर्णन करत होते.

शेवटी त्या बाईंनी दोन्ही हातांनी, वाकून, आमची टिश्यूची पाकिटं परत केली. काकाही वाकले. त्या पुन्हा वाकल्या. हे बराच वेळ चाललं. बाहेर आलो तर समोर झाडांची रांग आणि त्यापुढे माणसांची भिंत. पानांआडून लाल-हिरवं काहीतरी झिरपत होतं.

"झाडाआडून नको," काका म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. काकूंनीही पदर सावरत पाठ फिरवली.

"पुन्हा नुसतं ऐकलं," काका म्हणाले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

पुढच्या वर्षी तुफान आलं आणि उत्सवच रद्द झाला. हॉटेलच्या खोलीत बसून आम्ही बर्फाचे गोळे खाल्ले. काका खिडकीशी उभे राहून पावसाला इंजिनरूममधल्या शिव्या देत होते. काकूंनी त्या ऐकून कानांवर हात ठेवले, पण हसत होत्या.

तिसऱ्या वर्षी मात्र गंमत उरली नव्हती. यार्डाने काकांचा नोकरीचा पास, म्हणजे सिंगापुरात राहण्याचा परवाना, पुढे वाढवणार नसल्याचं सांगितलं. सप्टेंबरात सिंगापूर सोडून मालवणला जायचं होतं. काकूंचे गुडघे आता फार चालू देत नव्हते. "मालवणला गेलो की जपान राहिलंच," काकू एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "यांना सांगू नका, पण यंदा नाही तर नाही."

काकांनाही ते ठाऊक होतंच. त्यांनी जानेवारीतच निळी ताडपत्री आणली आणि व्हॉइड डेकवर रंगीत तालीम घेतली. चिकटपट्टी कशी ओढायची, कोपरे कुणी धरायचे, काकूंची पाठ टेकायची उशी कुठे, सगळं ठरवलं. झाडलोट करणारे चिनी अंकल लांबून बघत होते. न राहवून ते जवळ आले आणि म्हणाले, "अंकल, हिअर कान्ट स्लीप, हाँ."

"नो स्लीप. फायरवर्क्स," काका म्हणाले.

अंकलनी वर छताकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि झाडू घेऊन निघून गेले.

त्या वर्षी सकाळीच आम्ही नदीकाठ गाठला. ताडपत्री अंथरली, पट्ट्या मारल्या आणि काका मधोमध बसले ते बसलेच. छत्री डोक्यावर, पंखा हातात. जेवायलाही उठले नाहीत. "चीफ इंजिनियर प्लांट सोडत नाही," ते म्हणाले.

"प्लांट नाही, ताडपत्री आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून मालवणी खाजं काढलं. जत्रेला आलोय तर खाजं नको का, म्हणून मुद्दाम गावाहून कुणाबरोबर तरी मागवलं होतं. शेजारच्या ताडपत्रीवरच्या जपानी आजीबाईंनी आम्हाला काडीला टोचलेली गार काकडी दिली, काकूंनी त्यांना खाजं दिलं. आल्याचा ठसका लागून आजीबाई खोकल्या आणि मग आणखी मागून घेतलं. काठावर रंगीत किमोनोतल्या मुली येत होत्या, भाजलेल्या मक्याचा वास सुटला होता, आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

चारच्या सुमाराला डोंगरामागून ढग आला. काळा, चांगला भरलेला. वारा सुटला, ताडपत्री फडफडली. लाउडस्पीकरवरून जपानीत काहीतरी सांगायला लागले आणि सगळा काठ चिडीचूप झाला. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. फोनचं भाषांतर गोल गोल फिरत बसलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. काकू मुकाट्याने खाज्याचा डबा बंद करू लागल्या. मी आजीबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण वाचता येण्यासारखं तेवढंच होतं.

आजीबाईंनी टाळी वाजवली. मग सगळ्या काठाने वाजवली. होणार होतं. काकूंनी डबा पुन्हा उघडला आणि काकांनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांची बोटं उमटली होती.

अंधारून आलं. बोलणं हळूहळू थांबलं. नदीपलीकडून एक शीळ वर गेली, लांबच लांब, आणि आकाशभर सोनं उसवलं. मी किंचाळले, हे ईराने मला नंतर सांगितलं. पाण्यातही तेच सोनं पसरलं होतं. काकूंनी मान वर केली होती, चष्म्यावर हिरवं, मग तांबडं, मग पांढरं येत होतं.

मग त्या काकांकडे वळल्या. काका डोळे मिटून बसले होते. तळवा ताडपत्रीवर दाबलेला.

"अहो."

"थांब गो," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "इतकी वर्षं हातानेच बघितलंय. डोळ्यांना तेवढं नाही वाटलं तर?"

त्या माणसाला मी तोवर कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. काकू गुडघ्यांवर भार देत जवळ सरकल्या, त्यांच्या तळव्यावर आपला हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "चीफ, फिनिश्ड विथ इंजिन. आता वर या."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती भाषा वापरली होती.

काकांनी डोळे उघडले. नेमकी त्याच वेळी शीळ थांबली आणि आमच्या डोक्यावर एक निळं फूल उमललं, इतकं मोठं की पाकळ्या डोंगराला टेकल्या. काकांचं तोंड उघडं राहिलं. आवाज अजून यायचा होता.

"अगो," ते म्हणाले, "आधी उजेड येतो."

त्यामागून थाप आली. पण काकांचा हात तेव्हा जमिनीवर नव्हता. काकूंना दाखवायला तो वर गेला होता.